आग्रह, उपास आणि पोटाचा पट्टा

पु. ल. देशपांडे यांच्या ‘बटाट्याची चाळ’ या १९५८ सालीं प्रसिद्ध झालेल्या पुस्तकांतील ‘उपास’ हा लेख ज्यानें वाचला नाहीं असा मराठी वाचक विरळा. वजन उतरविण्याचा संकल्प करणारा एक गृहस्थ, त्यास परस्परविरुद्ध उपदेश करणारे शेजारी, आणि अखेरीस संकल्पाची उडालेली दाणादाण, एवढ्याच सामग्रीवर तो लेख उभा आहे. तो इतका पक्का उभा आहे कीं, त्यानंतर लठ्ठपणासंबंधीं मराठींत जें जें विनोदी लिहिलें गेलें, त्यांतील बहुतेकांवर त्याची सावली पडलेली दिसते. हा त्या लेखाचा गौरव खरा. परंतु आमच्या मतें पुढील लेखकांचा त्यांत तोटाही झाला. कारण त्या लेखांतील विनोद एका गृहीतावर चालतो: खाणें ही मनाची गोष्ट आहे, मन दुबळें आहे, म्हणून वजनाचा कांटा खालीं येत नाहीं. हें गृहीत काढून घेतलें तर विनोदाचा पायाच जातो. आणि आज तें गृहीत ज्यांस लागू पडत नाहीं अशीं माणसें आपल्या पंगतींत बसूं लागलीं आहेत.

हीं माणसें म्हणजे वजन घटविण्यासाठीं जठरावर पट्टा बसवून घेतलेलीं. ती शस्त्रक्रिया काय आहे हें थोडक्यांत सांगणें अवश्य आहे. जठराच्या वरच्या भागाभोंवतीं सिलिकोनचा एक पट्टा कड्यासारखा बसवितात. त्याच्या आंतल्या बाजूस फुगा असतो. फुग्यापासून निघालेली नळी पोटाच्या कातडीखालीं ठेवलेल्या लहानशा डबीस जोडलेली असते. डबींत सुईनें मिठाचें पाणी भरलें कीं पट्टा आवळतो, काढून घेतलें कीं सैल होतो. असा सैल-घट्ट होणारा पट्टा लुबोमीर कुझमाक या शल्यवैद्यानें १९८६ सालीं वापरांत आणला. १९९३ सालीं बेल्जियममध्यें बेलाशेव यांनीं तो दुर्बिणीच्या साहाय्यानें बसविला. २००१ सालीं अमेरिकेंत त्यास सरकारी मान्यता मिळाली, आणि कांहीं वर्षें त्याचा मोठा बोलबाला झाला. पुढें पट्टा सरकणें, जठरांत रुतणें अशा तक्रारी वाढल्या, कित्येकांचे पट्टे काढावे लागले, आणि जठराचा मोठा भाग कापून त्याची नळी करण्याची शस्त्रक्रिया पुढें आली. भारतांतही आज पट्ट्यापेक्षां तीच अधिक होते. तथापि आमच्या विषयापुरता पट्टाच अधिक बोलका आहे. त्यानें जठर कापलें जात नाहीं, नुसतें बांधलें जातें; आणि बांधलेलें सोडतां येतें. गर्भार स्त्रीचा पट्टा पुष्कळदां सैल करतातही.

रुग्णालयांतून घरीं आलेल्या या माणसास प्रथम कांहीं आठवडे पातळ, मग घोटलेलें, मग मऊ, असा उष्टावणापासूनचा प्रवास पुन्हां करावा लागतो. पुढें बहुतेक सर्व अन्न चालतें. पण तें कसें? घांस बोटाच्या पेराहून मोठा नको, चावणें पुष्कळ, एका घांसानंतर मिनिटभर थांबणें, जेवतांना पाणी नाहीं. घाई झाली कीं छातींत दगड बसल्यासारखें होतें, तोंडास फेसाळ लाळ सुटते, आणि घांस गेल्या वाटेनें परत येतो. मऊ भात व ताजी पोळी यांचा चावतां चावतां गोळा होतो, म्हणून तीं अडकतात. बासुंदी, आमरस, आइसक्रीम मात्र सुळकन् उतरतात. म्हणजे हा द्वारपाल वरणभाताची झडती घेतो आणि साखरेस मुजरा करून आंत सोडतो! पट्टा मनाचें काम हलकें करतो, संपवीत नाहीं. ज्यांस वाटतें कीं ही सोपी युक्ति आहे, पैसे टाकले आणि निग्रहाची गरज संपली, त्यांनीं एवढें ध्यानांत घ्यावें कीं, निग्रह येथेंही आहे. फक्त त्याची जागा बदलली आहे. पूर्वी तो स्वतःच्या जिभेशीं होता, आतां तो यजमानाच्या हातांतील वाढण्याशीं आहे.

मराठी पंगतींत नकार ही फार अवघड गोष्ट आहे. ‘पुरे’ या शब्दास आपल्याकडे कोणीही खरें मानीत नाहीं. तें आग्रहाच्या खेळांतील पहिलें पाऊल समजतात. पानावर आडवा धरलेला हात हा दुसरा डाव. तिसऱ्या डावांत लाडू पानांत पडलेला असतो. आणि पानांत पडलेलें टाकणें हें पाप. या तीन डावांत बांधलेल्या पोटाचा माणूस पूर्णपणें सांपडतो. जेवला तर उलटी, टाकलें तर अन्नाचा अपमान, नाहीं म्हटलें तर यजमानाचा.

तथापि नकाराच्या कांहीं वाटा आपल्या समाजानें मोकळ्या ठेवल्या आहेत, आणि त्या पाहावयास जालना जिल्ह्यासारखें दुसरें ठिकाण नाहीं. त्या जिल्ह्यांतील घनसावंगी तालुक्यांत जांब हें गांव आहे. समर्थ रामदासांचा जन्म १६०८ सालीं तेथेंच झाला. ‘दासबोधा’च्या दुसऱ्या दशकांतील मूर्खलक्षणांच्या समासांत आजारी असून औषध न घेणाऱ्यास व पथ्य न पाळणाऱ्यास समर्थांनीं मूर्खांच्या यादींत बसविलें आहे. एरव्हीं त्या यादीकडे आपण नीतिपाठ म्हणून पाहतों. परंतु या एका कलमांत नीतीपेक्षां व्यवहारच अधिक आहे. पथ्य ही लाज वाटण्याची गोष्ट नाहीं, शहाणपणाची आहे, एवढेंच तेथें गृहीत धरलें आहे. ज्या शेजारच्या अंबड तालुक्यांत अंतरवाली सराटी हें गांव आहे, तेथें २९ ऑगस्ट २०२३ रोजीं मनोज जरांगे उपोषणास बसले, आणि त्या एका माणसाच्या न जेवण्यानें सारें राज्य ढवळून निघालें. त्या मागणीच्या बऱ्यावाईटाशीं येथें कर्तव्य नाहीं. पण अन्न नाकारणें हें आपल्याकडे केवढें मोठें बोलणें आहे, हें त्यावरून कळतें. आणि तिसरी वाट उपासाची. एकादशी, चतुर्थी, सोमवार यांपैकीं कोणतेंही नांव घेतलें कीं आग्रह करणारा हात मागें जातो. देवासाठीं नाकारलेलें अन्न सर्वांस मान्य, न्यायासाठीं नाकारलेलें मान्य, वैद्याच्या सांगण्यावरून नाकारलेलें बहुधा मान्य. स्वतःच्या शरीरासाठीं, प्रकृति वरवर धडधाकट दिसत असतां नाकारलेलें मात्र मान्य नाहीं. म्हणून पट्टा बसविलेलीं माणसें ‘आज उपास आहे’ असें खोटें सांगून वेळ मारून नेऊं लागलीं, तर नवल नाहीं. पु. लं.च्या लेखाचें मर्म येथें पुन्हां दिसतें: त्यांच्या नायकाच्या उपासास देव नाहीं, म्हणूनच चाळीस त्यांत ढवळाढवळ करण्याचा अधिकार मिळतो.

या आग्रहास केवळ दांडगाई म्हणून हंसण्यावारी नेणें मात्र अन्यायाचें होईल. ‘जालना सोने का पालना’ ही म्हण व्यापारी शहराची आहे. जिल्ह्याच्या खेड्यांची नव्हे. १९७२ चा दुष्काळ ज्यांनीं पाहिला ते तेथें आजही घरोघरीं आहेत, आणि २०१२-१३ सालीं पाण्याच्या दुर्भिक्षानें होरपळलेल्या जिल्ह्यांत जालना अगदीं पुढें होता. जिनें सुकडी खाऊन दिवस काढले ती आजी नातवाच्या पानांतील अर्धी भाकरी तशीच राहिलेली पाहूं शकत नाहीं, यांत तिचा दोष काय? शाहू पाटोळे यांच्या ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ (२०१५) या पुस्तकानें मराठवाड्यांतील महार व मांग समाजांच्या स्वयंपाकाचें जें चित्र उभें केलें, तें वाचल्यावर अन्नाविषयींच्या आपल्या सर्व सुभाषितांकडे पुन्हां पाहावें लागतें. ज्यांच्या वांट्यास अन्नाचा निवडलेला भाग कधींच आला नाहीं, त्यांच्या घरांत भरलेलें ताट हा मानाचा प्रश्न असतो. दोन पिढ्यांपूर्वी जेथें पोट रितें होतें तेथेंच आज कोणी पोट बांधून घेतो, ही घटना विनोदी नाहीं आणि शोकात्मही नाहीं. तिला मराठी वाङ्मयांत अद्याप नांव मिळालेलें नाहीं.

नांव न मिळण्याचें कारण असें कीं, स्थूल देहाकडे पाहण्याचे आपल्या लेखकांचे सांचे ठरलेले आहेत. चिं. वि. जोशी यांचा गुंड्याभाऊ हा त्यांतला सर्वांत प्रेमळ सांचा. चिमणराव किरकोळ व भित्रा, गुंड्याभाऊ दणकट व धीट. एकाचा देह दुसऱ्याच्या देहास पूरक. तेथें थट्टा आहे पण तुच्छता नाहीं, हें चिं. विं.चें मोठेपण. पुढील काळांत हा प्रेमळपणा ओसरला, आणि लठ्ठ पात्र रंगभूमीवर येतांच प्रेक्षकांनीं हंसावयाचें, एवढाच करार उरला. सार्वजनिक जीवनांतही तोच करार चालतो. नितीन गडकरी यांच्यावर २०११ सालीं मुंबईंत वजन घटविण्याची शस्त्रक्रिया झाली. २०२२ सालीं उज्जैन येथें त्यांनीं आपलें एके काळचें वजन १३५ किलो होतें व आतां ९३ आहे असें जाहीरपणें सांगितलें, आणि तेथील खासदार अनिल फिरोजिया यांस उतरविलेल्या दर किलोमागें मतदारसंघासाठीं १००० कोटी रुपये देण्याचें आश्वासन दिलें. सभा हंसली, वृत्तपत्रें हंसलीं. स्वतःच्या देहाविषयीं इतक्या मोकळेपणीं बोलणारा पुढारी विरळा, हें आम्ही मान्य करतों. परंतु १३५ आणि ९३ या दोन आंकड्यांमध्यें जो काळ गेला, त्यांतील जेवणें कशीं झालीं, हें ऐकावयास आम्हांस अधिक आवडलें असतें.

हीच तक्रार ‘पूर्वी’ आणि ‘नंतर’ अशीं दोन छायाचित्रें शेजारीं छापणाऱ्या सर्व अनुभवकथनांविषयीं आहे. त्यांत शस्त्रक्रिया हा शेवटचा अध्याय असतो. वास्तविक तो पहिला असावयास पाहिजे. सैल पडलेली कातडी, ‘साखर झाली काय?’ म्हणून रस्त्यांत थांबवून विचारणारे हितचिंतक, शस्त्रक्रिया सांगावी कीं लपवावी हा रोजचा प्रश्न, जेवणानें पूर्वी जें सांत्वन होत असे त्याची रिकामी जागा, हें सर्व त्या दोन छायाचित्रांच्या मधल्या पांढऱ्या पट्टींत गडप होतें. अमेरिकेंतील लेखिका रोक्सान गे यांनीं आपल्या देहाविषयीं ‘हंगर’ हें आत्मकथन २०१७ सालीं प्रसिद्ध केलें, आणि पुढील वर्षीं जठर लहान करण्याची शस्त्रक्रिया करून घेतल्यावर तिच्याविषयीं एक स्वतंत्र निबंध लिहिला. त्यांत विजयाचा सूर नाहीं. दुःखांत अन्नाकडे वळण्याची संवय एकाएकीं तुटल्यावर दुःख अधिकच जड झालें, हें त्यांनीं आडपडदा न ठेवतां सांगितलें आहे. एवढा प्रामाणिकपणा मराठींत येणें अशक्य नाहीं. आत्मचरित्राच्या प्रांतांत आपल्या स्त्रिया पुरुषांहून नेहमींच अधिक धीट ठरल्या आहेत. लक्ष्मीबाई टिळकांनीं ‘स्मृतिचित्रें’ लिहून तें केव्हांच सिद्ध केलें.

जालन्याच्या लेखिकेनें तें लिहिलें तर तिच्यापाशीं अमेरिकेंतील लेखिकेजवळ नसलेली सामग्री आहे. पट्टा भरणारी सुई मोठ्या शहरांत. मंठ्याहून किंवा भोकरदनहून मुंबई चारशें किलोमीटरांपलीकडे. उन्हाळ्यांत पारा चाळिशीच्या वर, आणि पाणी घटाघटा पितां येत नाहीं, घोंट घोंट घ्यावें लागतें. भौगोलिक मानांकन मिळालेली मोसंबी दारांत; तिचा गोड रस अडत नाहीं, म्हणूनच जपून घ्यावयाचा. आणि सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे स्वयंपाकघर. घरांत सर्वांच्या मागून जेवणारी बाई उरलेलें संपविते, कारण अन्न टाकूं नये. तिच्या देहाचा अर्धा इतिहास त्या उरलेल्या भातांत आहे. पट्टा बसल्यावर ती तें संपवूं शकत नाहीं. मग तें कोणीं संपवावयाचें, कीं बेतानें शिजवावयाचें, कीं इतरांनीं मागाहून जेवावयाचें? या एका प्रश्नांत चांगल्या कादंबरीचीं तीनशें पानें आहेत, आणि त्यांत शस्त्रक्रियागृहाचें वर्णन एक ओळही लागणार नाहीं.

पाकशास्त्राच्या पुस्तकांचा येथें उपयोग नाहीं. लक्ष्मीबाई धुरंधर यांच्या ‘गृहिणी-मित्र’ (१९१०) या ग्रंथांतील एक हजार पाकक्रिया भरल्या घरासाठीं आहेत. कमलाबाई ओगले यांनीं ‘रुचिरा’ (१९७०) मध्यें तोळे-मासे सोडून वाटी आणि चमचा हीं मापें आणलीं, आणि तीन पिढ्यांच्या सुना त्यांवर स्वयंपाक शिकल्या. परंतु तीं मापें शिजविण्याचीं होतीं, जेवण्याचीं नव्हत. या बाईस वाटी हें जेवणाचें माप झालें आहे, आणि तीही भरलेली नव्हे. पाव वाटी वरण वेगळें शिजत नाहीं. म्हणून ती घरच्याच वरणांतून तेवढें बाजूला काढून ठेवते, आणि सर्वांचीं पानें वाढून होईपर्यंत तें निवून गेलेलें असतें.