सरी-वरंब्याची साक्ष : बेरेस्फर्ड-केरिज वादाचें परीक्षण

इंग्लंडच्या मध्यभागीं, विशेषतः नॉर्दॅम्प्टनशायर, लेस्टरशायर व वॉरिकशायर या परगण्यांत, कांहीं जुन्या कुरणांची भूमि तिरप्या उन्हांत लाटांसारखी उंचसखल दिसते. या लाटा म्हणजे बहुधा मध्ययुगीन नांगरटीचे उरलेले सरी-वरंबे होत. आपल्याकडील उंसाच्या सरी-वरंब्याशीं त्यांचें नामसाम्य असलें, तरी वस्तु भिन्न आहे. आपला वरंबा एका पिकापुरता. तेथील वरंबा बहुधा पांच ते दहा मीटर रुंद, आणि पिढ्यान्‌पिढ्या एकाच रीतीनें नांगरून उंचावलेला. तेथील नांगराची फळी माती नेहमीं उजवीकडे पलटी. पट्टीच्या मध्यापासून आरंभ करून नांगर भोंवतीं फिरविला म्हणजे माती मध्याकडे चढे, आणि चिकण जमिनींतील पाणी सरींतून निघून जाई.

या खुणांचा इतिहासाचें साधन म्हणून कितपत उपयोग करावा, हा वादाचा विषय आहे. पूर्वीं तेथें गांवाची जमीन दोन-तीन विस्तीर्ण, कुंपणरहित शेतांत विभागलेली असे, व प्रत्येक कुळाच्या पट्ट्या त्यांत विखुरलेल्या असत. मॉरिस बेरेस्फर्ड यांनीं १९४८ सालच्या निबंधांत अशा पट्ट्यांचे जुने नकाशे जमिनीवरील वरंब्यांशीं ताडून पाहिले, आणि वरंबे हे खुल्या शेतांचे अवशेष होत, असें प्रतिपादिलें. १९५१ सालीं एरिक केरिज यांनीं त्यावर आक्षेप घेतला. वरंबा हा मुळांत पाण्याच्या निचऱ्याचा उपाय आहे. तो कुंपण घातलेल्या शेतांतही केला जाई. सबब केवळ वरंबा दिसला म्हणून तेथें खुलें शेत होतें असें ठरत नाहीं, हा त्यांच्या म्हणण्याचा इत्यर्थ.

आमच्या मतें केरिज यांचा आक्षेप सावधगिरीची सूचना म्हणून ग्राह्य आहे. साधनच त्याज्य ठरविण्यास तो पुरेसा नाहीं. पोथीवर कालनिर्देश नसला म्हणजे आपण ती टाकून देत नाहीं. लिपीचें वळण व कागद यांवरून काळ ठरवितों. वरंब्यासही असें वळण आहे. बैलांची लांब जोडणी शेताच्या टोकाशीं वळविण्यासाठीं आधींपासूनच तिरपी घ्यावी लागे. त्यामुळें जुना, रुंद वरंबा उलट्या रोमन एस् या अक्षरासारखा वांकडा होतो. एकोणिसाव्या शतकांतील वरंबे बहुधा अरुंद व सरळ आहेत. शिवाय एखादें कुंपण वरंब्यास आडवें छेदून जात असेल, तर वरंबा कुंपणाच्या आधींचा, हें उघड आहे. आणि पार्लमेंटच्या कायद्यानें घातलेल्या कुंपणांचीं सालें दप्तरांत मिळतात.

उलटपक्षीं, बेरेस्फर्ड यांच्या सिद्धान्ताचा विस्तार करणारानेंही एक भेद विसरूं नये. नकाशांतील पट्टी ही मालकीची किंवा वहिवाटीची मर्यादा आहे. वरंबा ही नांगराची कृति आहे. एका पट्टींत अनेक वरंबे असूं शकतात. तेव्हां वरंबे मोजून कुळें मोजणें हें अक्षरें मोजून श्लोक मोजण्यासारखें होईल. नॉटिंगहॅमशायरमधील लॅक्स्टन गांवीं मार्क पीअर्स याचा १६३५ सालचा नकाशा उपलब्ध असून खुल्या शेतांची वहिवाटही टिकून आहे. परंतु बहुतेक गांवांस हें भाग्य लाभलेलें नाहीं. जेथें नकाशा नाहीं, तेथें वरंब्याची साक्ष अधिकच मोलाची ठरते.

या वादांत एका गोष्टीचा विशेष विचार व्हावयास हवा. जेथें नांगर थांबला, तेथेंच वरंबे उरले. शेतें मोडून मेंढरांचीं कुरणें झालीं म्हणून खुणा वांचल्या. जेथें शेती अखंड चालली तेथें त्या पुसल्या गेल्या. म्हणून आजचे अवशेष जुन्या शेतीचा विस्तार दाखवीत नाहींत. कुरणांचा विस्तार दाखवितात. जी पोथी नित्य पठणांत होती ती झिजून गेली, आणि माळ्यावर विसरलेली तेवढी हातीं आली, हा संग्राहकांचा अनुभव येथें तंतोतंत लागू पडतो. अवशेषांच्या अभावावरून शेतीचा अभाव अनुमानणें हा हेत्वाभास होय.

दुसऱ्या महायुद्धांत धान्यासाठीं कुरणें नांगरलीं गेलीं, आणि पुढें यांत्रिक नांगरांनीं उरलेसुरले वरंबे झपाट्यानें सपाट केले. डेव्हिड हॉल यांनीं २००१ सालीं प्रसिद्ध केलेल्या पाहणींत मध्य इंग्लंडमधील अवघीं ४३ गांवें जतनास अग्रक्रमाचीं ठरलीं. कागदाची नक्कल करतां येते. वरंब्याचें छायाचित्र घेतां येतें, पण मोडलेल्या वरंब्याची छेद घेऊन परीक्षा पुन्हां करतां येत नाहीं. आपल्याकडील थळझाडे जुळविणाऱ्या सभासदांनींही त्यांत नोंदलेलीं शेतें व बांध एकदां पायांखालीं घालावे, आणि कागद व भूमि यांत जेथें पाठभेद आढळेल तेथें दोन्ही पाठ नोंदून ठेवावे, अशी आमची विनंती आहे.