खाणीतली माती, टेकडीवरची माती

सेबास्तियाव सालगादो यांनी ब्राझीलमधल्या सेरा पेलादाच्या सोन्याच्या खाणीची छायाचित्रं १९८६ साली टिपली. त्यातलं खड्ड्याचं विशाल दृश्य पाहताना आधी जाणवतं ते आभाळ नसणं. चारी बाजूंनी माती, आणि त्या मातीवर हजारो माणसं. पाठीवर पोती घेऊन ती लाकडी शिड्या चढताहेत. अंगं चिखलानं अशी लिंपली गेलीत की कातडी कुठे संपते नि कापड कुठे सुरू होतं, कळत नाही. चित्र कृष्णधवल असल्यानं माणूस आणि माती करड्या रंगाच्या एकाच छटेत येतात. तरीही गर्दीचा गोळा होत नाही. थोडं थांबलं की ताणलेली पोटरी, वाकलेली मान, पायरी चाचपणारं पाऊल, असं एकेक सुटं होत येतं. या चित्राचं सामर्थ्य मला इथं दिसतं.

मुंबईकरांना सालगादोंचं १९९५ सालचं चर्चगेट स्टेशनचं छायाचित्र आठवेल. तिथं त्यांनी नेमकं उलट केलं. लोकलगाड्या स्पष्ट, ठाम उभ्या आणि माणसांचा लोंढा धूसर होऊन वाहणारा.

दुःख इतकं देखणं करावं का, असा आक्षेप सालगादोंवर वारंवार घेतला गेला. मला तो पटत नाही. त्या देखणेपणामुळेच आपली नजर खड्ड्यावरून सरकत नाही. आणि या चित्रांनी मिळवलेल्या पैशाचं आणि नावाचं पुढे काय झालं, तेही रसग्रहणात धरायला हवं.

रवांडातला १९९४ चा नरसंहार टिपून सालगादो मनानं आणि शरीरानं खचले आणि ब्राझीलला परतले. तिथल्या मिनास जेराइस राज्यात आयमोरेसजवळ त्यांच्या वडिलांचं बुल्कांव हे गुरांचं कुरण होतं. लहानपणी तिथं दाट रान होतं; आता टेकड्या उघड्या पडल्या होत्या, माती पावसाबरोबर वाहून जात होती. इथं पुन्हा जंगल लावू या, हे त्यांच्या पत्नीला, लेलिया यांना सुचलं. १९९८ मध्ये दोघांनी ‘इन्स्टिट्यूटो टेरा’ स्थापन केली. एकाच जातीची झटपट वाढणारी लागवड त्यांनी केली नाही. मूळच्या अटलांटिक वर्षावनातल्या शेकडो देशी जाती रोपवाटिकेत वाढवल्या. आजवर वीस लाखांहून अधिक झाडं लागली, आटलेले झरे परतले, पक्षी आले. २०२२ साली न्यूयॉर्कला सदबीज या लिलावगृहानं त्यांची ५० छायाचित्रं विक्रीला मांडली, तीही या संस्थेसाठी. निव्वळ चित्रविक्रीवर हे रान उभं राहिलं नाही, इतरांच्या देणग्याही होत्या. पण त्यांच्या चित्रांवर लोकांचा जो विश्वास होता, त्याशिवाय त्या देणग्या आल्या असत्या असं मला वाटत नाही.

सेरा पेलादात माती पोत्यांत भरून उपसली जात होती. बुल्कांवला मुळं तीच माती उतारावर धरून ठेवतात. दोन्ही कामांत लागतो तो अफाट धीर, आणि एकेक माणूस, एकेक रोप वेगळं पाहणारी नजर. म्हणून हे जंगल मी सालगादोंच्या दानधर्मात मोजत नाही. ती त्यांची कलाकृतीच आहे.

२३ मे २०२५ रोजी सालगादो गेले. त्यांच्या पुस्तकांत खाणीच्या पानावर जरूर थांबा. मात्र बुल्कांवच्या उजाड टेकडीचं आणि त्याच टेकडीवरच्या आजच्या रानाचं, अशी दोन छायाचित्रंही शोधून शेजारी ठेवून पाहा.