पंख्याविना हीटसिंक

आजची वस्तू किलोहून जड आहे. नॉक्टुआ या ऑस्ट्रियन कंपनीने २०२१ साली आणलेला एनएच-पी१ हा कॉम्प्युटरच्या प्रोसेसरवर बसवायचा हीटसिंक. याला पंखाच नाही. तत्त्वज्ञानाच्या माणसाने यात का पडावं? तर ‘चांगली रचना’ म्हणताना आपण नेमकं काय म्हणतो, हा प्रश्न इथे फार स्वच्छ दिसतो, म्हणून.

हीटसिंक म्हटला की आपण पाती मोजतो. पाती जास्त, पृष्ठभाग जास्त, म्हणून हीटसिंक चांगला. याच कंपनीच्या एनएच-डी१५ मध्ये पाती पातळ आणि दाट आहेत. दोन पंखे त्यांच्यातून हवा रेटतात. पी१ ची पाती मात्र जाड, मोजकी, ऐसपैस अंतरावर. तांब्याच्या उष्णतावाहक नळ्या दोन्हींत सहाच, बरं का! मग फरक कशाचा? हवेचा. पी१ मध्ये हवेला ढकलणारं कुणी नाही. पात्यांलगतची हवा तापते, हलकी होते, आपोआप वर जाते, आणि तिच्या जागी खालून गार हवा येते. पाती फार जवळ आणली तर समोरासमोरच्या पात्यांवरचे तापलेल्या हवेचे थर एकमेकांना भिडतात आणि हवा तिथेच तुंबते. पृष्ठभाग वाढला आणि काम घटलं! इथे रिकामी जागासुद्धा रचनेचाच भाग आहे, हे आम्हाला फार आवडलं.

आता तक्रार. हा हीटसिंक आपलं निम्मं काम कॅबिनेटवर सोपवतो. वर-खाली जाळी हवी. बंद, टेबलाखाली कोंबलेल्या पेटीत त्याचा जीव गुदमरेल. शिवाय कंपनी ‘इतक्या वॉटपर्यंत चालेल’ असा एक आकडा देत नाही. गिऱ्हाईक वैतागतं, पण आमच्या मते हा प्रामाणिकपणा आहे. समजा, एखादा हीटसिंक दर वॉटमागे अर्धा अंश चढू देतो. १०० वॉटला ५० अंश झाले. खोली २५ अंशांवर असेल तर प्रोसेसर ७५ वर. नागपुरात मे महिन्यात खोलीच ४० वर गेली, की तोच ९० वर. धातू तोच, पाती तीच. एकच आकडा छापायचा तर तो कुठल्या खोलीचा?

म्हणून तासन्‌तास व्हिडिओचं काम करणाऱ्याने उन्हाळ्यात याच्या नादी लागू नये, असं आमचं मत. रात्री शांत खोलीत लिहीत बसणाऱ्याने मात्र जरूर घ्यावा. कॅबिनेट आधी उघडून बघावं, एवढंच.