गिधाड आणि 'शी'

बालवाडीच्या पोरांना मी चित्रांची पुस्तकं दाखवतो. मोर, हरीण, फुलपाखरू, निळी नदी. सारं कसं सुंदर, धुतल्यासारखं. एका पुस्तकात गिधाड निघालं: वाकडी मान, लाल डोळे, शेजारी हाडं. पोरं ओरडली, "शी, घाण!" मी चपापलो. हा शब्द माझ्या ओळखीचा होता. लहानपणी गावात तो आमच्याकडे बघून उच्चारला जाई.

माझा आक्षेप असा, की ही पुस्तकं निसर्ग दाखवीत नाहीत. अभिजनांची आवडनिवड दाखवतात. जनावर मरतं, त्याचं मढं कुणी खातं, उरलेल्याची माती होते, हे निसर्गातलं मोठं काम. ते चित्रात येत नाही. आलंच तर किळस घेऊन येतं. चार वर्षांच्या पोराला अक्षर कळत नाही, पण 'शी' कुणाला म्हणायचं हे चित्र त्याला शिकवून जातं.

१९९० नंतर काही वर्षांतच देशातली गिधाडं ९० टक्क्यांहून अधिक घटली. डायक्लोफेनॅक हे औषध दिलेल्या जनावराचं मढं खाऊन त्यांची मूत्रपिंडं निकामी होत. २००६ साली जनावरांसाठीच्या त्या औषधावर बंदी आली. मढी माळावर सडू लागली, तेव्हा शहाण्यांना गिधाडाचं मोल कळलं.

कुणी विचारील, मग तुम्हाला त्या कामाचा गौरव हवा आहे काय? मुळीच नाही. १९२७ च्या महाड परिषदेनंतर गावोगाव आमच्या माणसांनी ढोरं ओढणं सोडलं, ते योग्यच केलं. गिधाडाला ते काम निसर्गानं दिलं. माणसावर ते जातीनं लादलं. हा फरक पुस्तकातून मुलाला कळला पाहिजे.

म्हणून कांचा इलय्या यांचं 'टर्निंग द पॉट, टिलिंग द लँड' (नवयान, २००७) मला मोलाचं वाटतं. चामडं कमावणारे, कुंभार, परीट, न्हावी यांच्या कामातलं ज्ञान ते मुलांपुढं मांडतं. चित्रं दुर्गाबाई व्याम या गोंड चित्रकर्तीची. पण ते जाणत्या मुलांसाठी आहे. बालवाडीच्या पोराच्या हाती द्यावं असं मराठी पुस्तक अजून माझ्या पाहण्यात नाही.

तोवर मी ते पान झटकन उलटत नाही. पोरांना विचारतो, "मेलेल्या बैलाचं पुढं काय होतं?" पोरं गप्प होतात, मग पुन्हा चित्राकडे बघतात.

आमच्या चित्रकारांनी गिधाड जरूर काढावं. मान वाकडीच असू द्यावी. फक्त त्यानं स्वच्छ केलेला माळही शेजारी काढावा.