वेगाचा रस आणि पाहणाऱ्याचा वाटा

मास्तरकीच्या धंद्यात वेगाला फारसा मान नाही. व्हरांड्यात पळणाऱ्या पोरांना थोपवावे, एवढाच आमचा त्याच्याशी संबंध. तेव्हा मोटारसायकलींच्या शर्यतीवरील बोलपटाविषयी मी लिहावे, याचे वाचकांस नवल वाटेल. पण 'टीटी थ्रीडी : क्लोजर टू द एज' हा २०११ सालचा माहितीपट पाहिला आणि वेगालाही स्वतःचा असा रस असतो, हे प्रथमच ध्यानी आले.

इंग्लंड व आयर्लंड यांच्यामधल्या समुद्रात मॅन नावाचे बेट आहे. तेथील 'टूरिस्ट ट्रॉफी' शर्यत १९०७ साली सुरू झाली. तिला वेगळे मैदान नाही. एरवी शाळकरी मुले अन् पोस्टमन ज्या रस्त्याने जातात, तोच सुमारे ६० किलोमीटरांचा फेरा कायद्याने काही तास बंद करतात, आणि घरांच्या भिंती, दिव्यांचे खांब यांना चाटून गाड्या ताशी ३०० किलोमीटरांपर्यंत धावतात. स्वार एकदम सुटत नाहीत. दहा-दहा सेकंदांनी एकेक निघतो. प्रतिस्पर्धी शेजारी नाही, लढाई घड्याळाशी! यातले नाट्य एकदा उमगले, की खुर्चीत स्वस्थ बसवत नाही.

दिग्दर्शक रिचर्ड दे अराग्वेस यांनी २०१० ची शर्यत निवडली आहे. त्या एका आठवड्यात इयन हचिन्सन याने पाच शर्यती जिंकल्या. तरी बोलपटाचा नायक आहे गाय मार्टिन : मालमोटारी दुरुस्त करणारा, चहाबाज, तोंडाळ आणि एकदाही न जिंकलेला. जेत्याला बाजूस ठेवून हरणाऱ्याला मध्ये आणणे, ही कादंबरीकाराची दृष्टी झाली, आणि मला ती फार आवडली. मार्टिनची गाडी पडते, पेट घेते; तो वाचतो. त्याच वर्षी न्यूझीलंडचा पॉल डॉब्स मात्र प्राणास मुकला. त्याची पत्नी ब्रिजेट पडद्यावर बोलते, शर्यतीला दोष न देता बोलते. तिचा तो शांत स्वर साऱ्या इंजिनांच्या गर्जनेला पुरून उरतो.

उणीव आहे ती येथेच. या रस्त्यावर शर्यतींत आणि सरावात आजवर २५० हून अधिक स्वार गेले. १९७२ साली जिल्बेर्तो पार्लोत्ती मरण पावला, तेव्हा जगज्जेत्या जाकोमो आगोस्तिनीने येथे पुन्हा धावण्यास नकार दिला. १९७६ नंतर जागतिक अजिंक्यपदाच्या यादीतूनही ही शर्यत गळाली. या नकाराच्या बाजूचे वजन बोलपटात कमी पडते. स्वार का धावतात, हे दिग्दर्शक नेटाने विचारतो; आपण का पाहतो, हे तितक्या नेटाने विचारत नाही. जत्रेतल्या 'मौत का कुवा'च्या कठड्यावर ओणवे होऊन आपण काय शोधत असतो? स्वाराचे कौशल्य, की त्याची चूक?

दिवाळीच्या सुटीत घरातल्या तरुणांसह हा बोलपट अवश्य पाहावा. मात्र त्यांना एवढे सांगावे : मॅन बेटावर रस्ता आधी बंद करतात. आपल्या घाटात वळणापलीकडून एस.टी. येत असते, आणि तिच्यात बसलेल्यांनी ही शर्यत निवडलेली नसते.