'द स्टार्टअप वे' आणि जनरल इलेक्ट्रिक : प्रस्थापित कंपनीतील नवोपक्रमाच्या सिद्धांताची चिकित्सा

प्रस्तावना

मोठ्या व प्रस्थापित उद्योगसंस्थांनी नवउद्योगांचे चापल्य कसे आत्मसात करावे, हा गेल्या पाव शतकातील व्यवस्थापनविषयक लेखनाचा आवडता प्रश्न आहे. यशस्वी कंपन्या गैरव्यवस्थापनामुळे नव्हे, तर आपल्या उत्तम ग्राहकांचे मन लावून ऐकल्यामुळेच मागे पडतात, असे क्लेटन ख्रिस्टेन्सन यांनी 'द इनोव्हेटर्स डायलेमा' (१९९७) या ग्रंथात दाखवून दिले होते. त्यांनी सुचविलेला उपाय मूळ कंपनीपासून अलग अशा स्वतंत्र शाखेचा होता. एरिक रीस यांचा 'द स्टार्टअप वे' (२०१७) हा ग्रंथ याहून पुढचा दावा करतो. उद्योजकता ही वेगळ्या दालनात जपून ठेवण्याची वस्तू नसून वित्त किंवा विपणन यांप्रमाणेच ते संघटनेचे एक नित्याचे कार्य असले पाहिजे, असे रीस यांचे प्रतिपादन आहे. या प्रतिपादनाची सर्वांत मोठी प्रयोगशाळा म्हणजे जनरल इलेक्ट्रिक (यापुढे 'जीई') ही अमेरिकन कंपनी होय. रीस यांच्या संज्ञा आता आपल्याकडील वाणिज्य व व्यवस्थापनाच्या वर्गांतही रुळल्या आहेत. म्हणूनच या प्रयोगाचे पुढे काय झाले, हे तपासणे अगत्याचे ठरते.

ग्रंथाची मांडणी

रीस यांच्या विचाराचे मूळ 'द लीन स्टार्टअप' (२०११) या त्यांच्या पूर्वीच्या ग्रंथात आहे. टोयोटाच्या उत्पादनपद्धतीतील 'अपव्यय' ही संकल्पना त्यांनी तेथे नवउद्योगाला लावली. जे कोणालाच नको आहे ते अत्यंत कार्यक्षमतेने तयार करणे, यासारखा दुसरा अपव्यय नाही. तेव्हा प्रथम आपली गृहीतके लिहून काढावीत, ती तपासण्यापुरतेच प्राथमिक उत्पादन करावे आणि ग्राहकाच्या प्रतिसादावरून पुढे जावे अथवा दिशा बदलावी, असा हा क्रम आहे.

नव्या ग्रंथात या क्रमाला प्रशासकीय चौकट लाभते. प्रकल्पाला वर्षभराची तरतूद एकरकमी न देता टप्प्याटप्प्याने निधी द्यावा; तो देण्याचा वा थांबविण्याचा निर्णय 'ग्रोथ बोर्ड' या छोट्या मंडळाने घ्यावा; आणि नफा दिसू लागण्यापूर्वीची प्रगती मोजणारी लेखापद्धती विकसित करावी. निधीविषयीचे हे विवेचन ग्रंथातील सर्वांत सकस आहे. वार्षिक तरतूद एकदा मंजूर झाली की ती हक्काची होते, आणि न खर्चलेली रक्कम हा जणू अपराध ठरतो. मार्चअखेरची लगबग ज्या संस्थांतून अनुभवास येते, तेथील वाचकाला हे निराळे समजावून सांगण्याची गरज नाही.

जीईमधील प्रयोगाची सुरुवात २०१२ साली न्यूयॉर्क राज्यातील क्रोटनव्हिल येथील प्रशिक्षण केंद्रात झाली. 'सीरिज एक्स' हे अनेक उपयोगांचे नियोजित इंजिन बाजारात येण्यास पाच वर्षे लागणार होती. सर्व उपयोगांचा एकदम विचार न करता एकाच उपयोगापासून आरंभ केल्यास ग्राहकापर्यंत किती लवकर पोहोचता येईल, हा प्रश्न रीस यांनी तेथील अभियंत्यांपुढे ठेवला आणि कालावधीचा हिशेबच बदलला. यातून 'फास्टवर्क्स' हा कंपनीव्यापी कार्यक्रम उभा राहिला व हजारो अधिकाऱ्यांना त्याचे प्रशिक्षण मिळाले. मुख्याधिकारी जेफ इमेल्ट यांचा त्यास पूर्ण पाठिंबा होता. हा प्रसंग ग्रंथात रंगतदार उतरला आहे. किंबहुना तो इतका रंगतो की, त्याच सुमारास कंपनीच्या शिखरावर काय चालले होते, याकडे लेखकाचे लक्षच जात नाही.

गृहीतके कोणाची तपासावयाची?

नोव्हेंबर २०१५ मध्ये जीईने फ्रान्समधील आल्स्टॉम या कंपनीचा ऊर्जाव्यवसाय सुमारे १० अब्ज डॉलरना खरेदी केला. वायूवर चालणाऱ्या मोठ्या जनित्रांची मागणी टिकून राहील, या गृहीतकावर ही खरेदी उभी होती. पुढील दोन-तीन वर्षांत पवन व सौर ऊर्जा स्वस्त होत गेली आणि ती मागणी खालावली. २०१८ च्या तिसऱ्या तिमाहीत जीईला ऊर्जाविभागाच्या ख्यातिमूल्यात सुमारे २२ अब्ज डॉलरची घट नोंदवावी लागली. याचा अर्थ असा की, शीतकपाटाच्या दारासंबंधीचे गृहीतक ग्राहकांकडून तपासून घ्यावे लागत होते. परंतु १० अब्ज डॉलरच्या खरेदीमागील गृहीतकाला 'फास्टवर्क्स'ची कोणतीही पायरी चढावी लागली नाही.

कंपन्यांची खरेदी हा या पद्धतीचा विषयच नव्हे, असे रीस यांच्या बाजूने म्हणता येईल. परंतु ग्रंथाच्या उपशीर्षकातच संस्कृतीतील परिवर्तन व दीर्घकालीन वाढ यांचे आश्वासन आहे, आणि कंपनीची दीर्घकालीन वाढ ठरते ती अशाच निर्णयांनी. इमेल्ट यांनी ऑगस्ट २०१७ मध्ये मुख्याधिकारीपद सोडले, ऑक्टोबरमध्ये ग्रंथ प्रसिद्ध झाला, नोव्हेंबरमध्ये जीईने लाभांश निम्म्यावर आणला आणि जून २०१८ मध्ये, १९०७ पासून अखंड असलेले डाऊ जोन्स निर्देशांकातील तिचे स्थान गेले. या पडझडीचा दोष 'फास्टवर्क्स'ला देणे अन्यायाचे होईल. आक्षेप एवढाच की, तपासणीची शिस्त कनिष्ठांसाठी आणि दूरदृष्टीचा अधिकार वरिष्ठांसाठी, ही विभागणी रीस यांच्या सिद्धांतात अबाधित राहते.

२०१५ मध्येच स्थापन झालेल्या 'जीई डिजिटल'चे उदाहरण या दृष्टीने अधिक बोलके आहे. २०२० पर्यंत जगातील पहिल्या दहा सॉफ्टवेअर कंपन्यांत गणना व्हावी, असे उद्दिष्ट जाहीर करण्यात आले आणि 'प्रेडिक्स' या प्रणालीवर मोठा खर्च झाला. सुरुवातीच्या काळात या विभागाचे प्रमुख ग्राहक जीईचेच इतर विभाग होते. घरचा ग्राहक सहसा नकार देत नाही, आणि ज्याला नकार देता येत नाही त्याच्या होकारातून काहीच शिकता येत नाही. नवउद्योगाचे शहाणपण त्याच्या पद्धतीत जितके असते तितकेच पैसा संपण्याच्या भीतीत असते. पद्धत आयात करता येते. ती भीती मात्र शिखरस्थांच्या आवडत्या प्रकल्पापर्यंत पोहोचत नाही.

बंगळूरचा धडा

वस्तुतः जीईपाशी याहून अधिक खोल असा धडा आधीपासूनच होता. विजय गोविंदराजन व ख्रिस ट्रिम्बल यांच्यासमवेत खुद्द इमेल्ट यांनी २००९ साली 'हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू'मध्ये लिहिलेल्या लेखात बंगळूर येथे विकसित झालेल्या विद्युतहृदयालेख (ईसीजी) यंत्राचा दाखला आहे. 'मॅक ४००' हे ते यंत्र. अमेरिकेतील अवजड यंत्र काटछाट करून भारतात विकण्याऐवजी येथील अभियंत्यांनी ते मुळापासून रचले. ते बॅटरीवर चालते, त्यावर मोजकीच बटणे आहेत आणि छपाईसाठी बसवाहकाच्या तिकीटयंत्रात असते तशी छोटी यंत्रणा आहे. किंमतही १००० डॉलरच्या आसपास आली. ग्रामीण भागातील डॉक्टरला पिशवीतून नेता येईल असे हे साधन प्रथम येथे सिद्ध झाले आणि नंतर विकसित देशांतही विकले गेले.

या उदाहरणातील मर्म यंत्राच्या साधेपणापेक्षा अधिकाराच्या स्थानांतरणात आहे. स्थानिक गटाला स्वतंत्र उद्दिष्टे, स्वतःचा नफा-तोटा आणि शिखरावरील वरिष्ठाशी थेट संबंध मिळावा, असा लेखाचा आग्रह होता. तत्पूर्वी भारतातील प्रमुखाचे काम मुख्यतः अन्यत्र ठरलेली उत्पादने खपविण्याचे होते. बंगळूरच्या यशात कार्यपद्धतीचा वाटा असेलच. पण तिच्याआधी निर्णयाची जागा बदलली होती. रीस यांच्या ग्रंथात पद्धतीला जेवढी पाने मिळतात, त्या मानाने सत्तेच्या या प्रश्नाला फारच थोडी मिळतात. 'ग्रोथ बोर्ड' प्रकल्प थांबवू शकते. मात्र त्यात बसणाऱ्यांच्या स्वतःच्या निर्णयांना कोणी थांबवावे, याचे उत्तर तेथे सापडत नाही.

जीईच्या बाबतीत ते उत्तर अखेर बाहेरून आले. ऑक्टोबर २०१८ मध्ये लॅरी कल्प हे कंपनीबाहेरचे पहिले मुख्याधिकारी झाले. टोयोटाच्या मूळ पद्धतीचे ते पुरस्कर्ते असल्याने 'लीन' हा शब्द कंपनीत टिकला, परंतु कारखान्यातील जुन्या अर्थाने. जानेवारी २०२३ मध्ये आरोग्यसेवा आणि एप्रिल २०२४ मध्ये ऊर्जा व्यवसाय वेगळे होऊन जीईच्या तीन स्वतंत्र कंपन्या झाल्या. आता प्रत्येकीला आपले संचालक मंडळ आहे, आपला ताळेबंद आहे, आणि एका विभागाच्या चुका दुसऱ्याच्या नफ्याखाली झाकण्याची सोय उरलेली नाही.