न छापलेली प्रस्तावना आणि पडद्यावरील पाठ

परभणी-पूर्णा लोहमार्गावरील पिंगळी येथे वर्षावासातील ग्रंथवाचनास आम्ही गेलो असता एका उपासिकेने विचारले, "केळुसकर गुरुजींनी बाबासाहेबांना बुद्धचरित्र दिले, तेव्हा बाबासाहेब किती वर्षांचे होते, सर?" प्रश्न साधा वाटला, उत्तर मात्र साधे नव्हते.

कृष्णराव अर्जुन केळुसकर यांचे 'गौतम बुद्धाचे चरित्र' १८९८ साली प्रसिद्ध झाले. चरित्रकार धनंजय कीर यांच्या मते १९०७ साली मॅट्रिक उत्तीर्ण झाल्यानंतरच्या सत्कारसभेत, सी. के. बोले अध्यक्षस्थानी असताना, ही भेट मिळाली. म्हणजे वय सोळा. परंतु 'द बुद्धा अँड हिज धम्म' या ग्रंथासाठी स्वतः बाबासाहेबांनी लिहिलेल्या, ६ एप्रिल १९५६ या दिनांकाच्या प्रस्तावनेत परीक्षा इंग्रजी चौथीची आहे आणि सभेचे अध्यक्ष केळुसकरच आहेत. महापरिनिर्वाणानंतर १९५७ साली ग्रंथ निघाला तो या प्रस्तावनेवाचून. पुढे भगवान दास यांनी ती प्रसिद्ध केली, आणि कोलंबिया विद्यापीठाच्या प्रा. फ्रान्सेस प्रिचेट यांनी ती ग्रंथासह संकेतस्थळावर ठेवली. पिंगळीच्या तरुणांनी ती त्याच बैठकीत भ्रमणध्वनीवर उघडून दाखविली. हे ऋण मान्य करूनच पुढचे लिहावयाचे आहे.

संकेतस्थळावर आम्ही वाचला तो टंकित पाठ आहे. मूळ कागद, त्यावरील खाडाखोड, दुरुस्ती कोणाच्या हातची, यांपैकी काहीही त्यातून कळत नाही. पालि टेक्स्ट सोसायटीच्या आवृत्त्यांत सिंहली व ब्रह्मी प्रतींतील पाठभेद तळटीपांत दिलेले असतात. वाचकाला संपादकाशी असहमत होता येते. तथागतांच्या वचनांबाबत जी दक्षता आपण मागतो, ती बाबासाहेबांच्या लेखनाबाबत का मागू नये? 'इंग्रजी चौथी' हे शब्द त्यांचेच असतील, तर चरित्रग्रंथांतील प्रसंग दुरुस्त करावा लागेल. बाबासाहेबांचे स्वतःचे निवेदन आम्ही अग्रक्रमाने धरतो. तथापि ती सुमारे पन्नास वर्षांपूर्वीच्या प्रसंगाची आठवण आहे, हेही विसरता येत नाही.

याच्या उलट अनुभव एका ग्रंथालयाच्या (नाव घेत नाही) संगणकीय संग्रहात आला. एकोणिसाव्या शतकातील एका मराठी बुद्धचरित्राच्या पानांची छायाचित्रे तेथे होती, पण मुखपृष्ठ नव्हते. ग्रंथकाराचे नाव रोमन लिपीत तीन निरनिराळ्या प्रकारांनी नोंदलेले. देवनागरीत 'बुद्ध' लिहून शोध घेतला तर एकही नोंद येईना. दुर्मीळ ग्रंथ जतन झाला खरा, परंतु पिंगळीच्या वाचकाला तो सापडणार कसा? सूचीकाराने मुखपृष्ठावरील मजकूर देवनागरीत जसाच्या तसा उतरविला असता, तर एवढे पुरले असते.

त्या सायंकाळी आम्ही उपासिकेला दोन्ही वृत्तान्त सांगितले. त्यांनी वहीत 'सोळा' लिहिले आणि पुढे प्रश्नचिन्ह काढले.